१४ वर्षे जावा, सहा आठवड्यांत गो: पुस्तकनिवडीचे एक प्रकरण

प्रकरण माझेच आहे. २०२४ च्या जूनमध्ये मी पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत होते. मालवाहू ट्रकांवर बसवलेली यंत्रे दर काही सेकंदांनी आपला ठावठिकाणा पाठवतात. ते संदेश घेणारी, तपासणारी आणि पुढच्या यंत्रणांना देणारी आमची सेवा जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली होती. ती गो भाषेत नव्याने लिहायचे ठरले. शेजारच्या गटाच्या सेवा आधीच गोमध्ये होत्या, आणि आम्हाला मिळालेल्या छोट्या कंटेनरांत (सर्व्हरवर सेवेला मिळणारा ठरावीक मेमरीचा कप्पा) जावाची मेमरीची भूक भागत नव्हती. मुदत सहा आठवड्यांची. गटात आम्ही चौघे. तिघांना गो थोडेफार येत होते, मला मुळीच येत नव्हते, आणि रचना ठरवण्याची जबाबदारी मात्र माझ्याकडे होती.

जावात माझी १४ वर्षे गेली होती. थ्रेड (समांतर चालणारी कामे), लॉक, हीप डंप (मेमरीची नोंद) वाचणे, मेमरीतला कचरा गोळा होताना सेवा का थांबते ते शोधणे, हे सगळे हाताखालून गेलेले. म्हणजे नव्या भाषेचे पुस्तक निवडायला माझ्याइतकी तयार व्यक्ती नसावी असे कुणालाही वाटेल. पहिल्याच निवडीत मी दहा दिवस घालवले. ते कसे गेले हे नीट सांगायला हवे, कारण हीच चूक मी नंतर इतर अनुभवी लोकांनाही करताना पाहिली.

पहिले पुस्तक

ते पुस्तक मी वाचकांनी दिलेले तारे पाहून घेतले. जाडजूड, चांगल्या छपाईचे, शून्यापासून शिकवणारे. माझा हिशेब साधा होता: सोपे असेल तर भराभर वाचून होईल, आणि काही सुटणार नाही. त्याचे नाव इथे देत नाही, कारण दोष पुस्तकाचा नव्हता. पहिल्यांदा प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ते उत्तमच आहे.

चल (व्हेरिएबल) म्हणजे काय, अट कशी लिहायची, लूप कसा फिरतो, अशी अडीचशे पाने मी वाचली. वेळ गेला हे नुकसान लहान होते. मोठे नुकसान असे की ओळखीचा मजकूर दिसला की डोळा पळू लागतो, आणि त्या पळत्या डोळ्याखालून अनोळखी ओळीही निसटून जातात. स्लाइस म्हणजे गोमधली यादी; तिची ओळख त्या पुस्तकात ‘वाढू शकणारा अ‍ॅरे’ (ओळीने ठेवलेल्या मूल्यांची रांग) अशी करून दिली होती. मी वाचले, मनातल्या मनात ‘म्हणजे जावातली अ‍ॅरेलिस्ट’ म्हटले आणि पान उलटले.

तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला चाचणीत एका ट्रकचा ठावठिकाणा दुसऱ्याच ट्रकच्या नावावर आला. शोधायला अख्खा दिवस गेला. मी संदेशांच्या एका गठ्ठ्यातला सुरुवातीचा तुकडा कापून वेगळा काढला होता आणि त्याच्या शेवटी एक संदेश जोडला होता. जावात नवी अ‍ॅरेलिस्ट केली की तिची तिची जागा असते. गोमधली स्लाइस म्हणजे तीन गोष्टींची एक छोटी नोंद: मागच्या अ‍ॅरेचा पत्ता, लांबी आणि क्षमता. कापलेल्या तुकड्याची लांबी कमी होते, पण मागचा अ‍ॅरे तोच राहतो आणि क्षमता शिल्लक असते. त्यामुळे जोडलेला नवा संदेश मूळ गठ्ठ्यातल्या पुढच्या संदेशावर जाऊन बसला. १, २, ३, ४ अशा स्लाइसमधले पहिले दोन वेगळे काढा आणि त्यांना ९९ जोडा; मूळ स्लाइस १, २, ९९, ४ होते. कंपायलर काही म्हणत नाही. प्रोग्रॅम कोसळतही नाही.

त्या संध्याकाळी मी ते जाड पुस्तक पुन्हा उघडून पाहिले. स्लाइसच्या प्रकरणाच्या शेवटी ही गोष्ट दोन ओळींत दिलेली होती. मी ती वाचली होती.

वहीचे एक पान

दुसऱ्या दिवशी नवे पुस्तक शोधायच्या आधी मी वहीत एक यादी केली. गो कुठे वेगळी आहे, याची ती यादी नव्हती; तशी यादी कुठेही मिळते. माझी जावाची सवय मला कुठे ठामपणे चुकीचे उत्तर देईल, एवढेच मी लिहिले. गटातल्या दोघांना विचारून, अनुवादित कोडमधल्या माझ्याच चुका पाहून पाच नोंदी झाल्या: स्लाइस आणि तिच्या मागचा अ‍ॅरे, इंटरफेसमधला (एखाद्या प्रकाराला, म्हणजे टाइपला, काय करता यायला हवे याची यादी) निल म्हणजे रिकामे मूल्य, लूपमधल्या चलाला बंदिस्त करणारे फंक्शन, एक्सेप्शनऐवजी (चूक झाली की नेहमीची वाट सोडून देण्याची जावाची पद्धत) परत येणारी चूक, आणि इंटरफेस नेमका कुठे लिहायचा.

मग कंपनीच्या ऑनलाइन ग्रंथालयात आणि एका शनिवारी अप्पा बळवंत चौकात जाऊन मी चार पुस्तके समोर घेतली, आणि प्रत्येकातली फक्त ही पाच ठिकाणे वाचली. प्रस्तावना, पहिले प्रकरण किंवा मलपृष्ठाकडे पाहिलेही नाही. दुकानात उभ्याने पुस्तक चाळताना आपण बहुतेक पहिले प्रकरण वाचतो. अनुभवी माणसाला त्यातून काहीच कळत नाही, कारण सगळ्याच पुस्तकांची पहिली प्रकरणे त्याला सोपी वाटतात.

या कसोटीवर एक पुस्तक सरळ पुढे आले: अ‍ॅलन डोनोव्हन आणि ब्रायन कर्निगन यांचे ‘द गो प्रोग्रॅमिंग लँग्वेज’. कर्निगन म्हणजे डेनिस रिची यांच्यासोबत १९७८ मध्ये सी भाषेचे पुस्तक लिहिणारे. माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी अभियांत्रिकीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी त्या पुस्तकाची भारतीय आवृत्ती किंवा तिची झेरॉक्स हाताळलेली आहे. नावाचा मोह पडू नये म्हणून मी मुद्दाम हे पुस्तक चारांत शेवटी उघडले.

स्लाइसच्या भागात वर्षाच्या महिन्यांचा एक अ‍ॅरे घेतला आहे. त्यावर दोन स्लाइस काढल्या आहेत, एक दुसऱ्या तिमाहीची आणि एक उन्हाळ्याची. जून दोन्हींत येतो. आकृतीत दोन्ही स्लाइसचे बाण एकाच अ‍ॅरेकडे जातात. ती आकृती मी आधी पाहिली असती तर ट्रकांचा गोंधळ झाला नसता, एवढी ती स्वच्छ आहे. त्याच्या लगेच पुढे लेखक जोडण्याचे फंक्शन स्वतः लिहून दाखवतात: क्षमता उरली असेल तर तिथेच लिही, नसेल तर मोठा अ‍ॅरे घे आणि जुने त्यात उतरव. हे वाचल्यावर नियम पाठ करावा लागत नाही, कारण यंत्र आतून दिसलेले असते.

निलच्या बाबतीतही तेच. जावात नल म्हणजे नल, तो कोणत्या प्रकारच्या चलात ठेवला याने फरक पडत नाही. गोमधला इंटरफेस ही जोडी असते: आत काय प्रकार आहे आणि काय मूल्य आहे. मूल्य निल पण प्रकार भरलेला, अशी जोडी निलशी तुलना केल्यावर निल ठरत नाही. पुस्तकाच्या सातव्या प्रकरणात यासाठी सावधगिरीचा एक स्वतंत्र तुकडा आहे. त्यात डीबग बंद असताना एक रिकामा पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारे चल) इंटरफेसमधून आत जातो, ‘निल नाही ना’ ही तपासणी पार करतो आणि पुढच्या ओळीवर प्रोग्रॅम कोसळतो.

पण मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो त्याच प्रकरणाच्या शेवटच्या पानाचा. गोमध्ये नवे असलेले लोक आधी इंटरफेस लिहितात, मग त्यांची अंमलबजावणी करणारे प्रकार लिहितात, आणि शेवटी प्रत्येक इंटरफेसला एकच अंमलबजावणी उरते. असे करू नका, असे लेखक तिथे स्पष्ट सांगतात. मी तोवर नेमके हेच केले होते. अकरा इंटरफेस, प्रत्येकाला एक अंमलबजावणी, जावाच्या शिस्तीत. गोमध्ये कुठल्या प्रकाराला ‘मी अमुक इंटरफेस पाळतो’ असे जाहीर करावे लागत नाही, मेथड (प्रकाराला जोडलेली फंक्शन) जुळल्या की झाले. त्यामुळे इंटरफेस वापरणाऱ्याच्या बाजूला, गरज पडेल तेव्हा आणि शक्य तितका छोटा लिहिता येतो. गोसोबत येणाऱ्या तयार कोडमधला, म्हणजे प्रमाण ग्रंथालयातला, वाचण्याचे काम करणारा इंटरफेस तर एकाच मेथडचा आहे. अकरातले नऊ मी त्या आठवड्यात काढून टाकले. कोड निम्मा वाचनीय झाला म्हणण्यापेक्षा, तो पहिल्यांदा गो वाटू लागला.

पुस्तकाचे वय

इथे अडचण होती ती तारखेची. हे पुस्तक २०१५ च्या अखेरीस आले, गोच्या १.५ या आवृत्तीच्या सुमाराचे. एका धाकट्या सहकाऱ्याने माझा कोड पाहून विचारले, “ताई, हे रद्द करण्याचे चॅनल हाताने का फिरवताय? कॉन्टेक्स्ट आहे की.” तो मूळचा साताऱ्याचा, गोमध्ये माझ्यापेक्षा दोन वर्षे पुढे. चॅनल म्हणजे समांतर चालणाऱ्या कामांनी एकमेकांना काही पाठवायची नळी; कॉन्टेक्स्ट म्हणजे ‘आता थांबा’ हा निरोप पुढे नेणारे तयार पॅकेज, आणि ते प्रमाण ग्रंथालयात २०१६ मध्ये आले. पुस्तकात काम रद्द करायचे शिकवले आहे ते एक चॅनल बंद करून. ती पद्धत आजही चालते आणि कॉन्टेक्स्ट आतून त्याच कल्पनेवर उभे आहे, पण आज बहुतेक जण कोड तसा लिहीत नाहीत.

मी त्याला सोबत घेऊन बसले आणि पुस्तकातले काय जुने झाले ते आम्ही प्रकरणवार पाहिले. दहावे प्रकरण पॅकेज आणि साधनांचे आहे. ते मॉड्यूल (कोडचे गठ्ठे आणि त्यांच्या आवृत्त्या सांभाळण्याची आजची पद्धत) येण्याच्या आधीचे आहे, आणि मॉड्यूल २०१८ मध्ये १.११ सोबत आले. त्या प्रकरणातली फोल्डरची मांडणी सोडून द्यावी. चुकीवर चूक गुंडाळण्याची आणि ती ओळखण्याची आजची पद्धत २०१९ मधल्या १.१३ ची, म्हणून तीही नाही. जेनेरिक्स (एकच कोड अनेक प्रकारांसाठी लिहिण्याची सोय) २०२२ च्या मार्चमध्ये १.१८ ने आणले, त्याविषयी एक शब्द नाही. उरलेले, म्हणजे प्रकार, फंक्शन, मेथड, इंटरफेस, चॅनल, सामायिक चलांची सुरक्षा, हे सगळे जसेच्या तसे उभे आहे. २०१२ मध्ये गो १ आली तेव्हाच भाषेच्या कर्त्यांनी वचन दिले होते की गो १ साठी लिहिलेला कोड पुढच्या आवृत्त्यांवर चालत राहील. त्यामुळे नऊ वर्षांच्या पुस्तकातला कोड आमच्या यंत्रावर चालत होता. जावास्क्रिप्टच्या जगात नऊ वर्षांचे पुस्तक घेऊन कुणी असे बसू शकणार नाही.

एकच ठिकाण असे सापडले जिथे भाषेनेच पुस्तकाला खोटे पाडले आहे. पाचव्या प्रकरणात एक इशारा आहे: लूपचे चल फंक्शनमध्ये बंदिस्त केले तर सगळ्या फंक्शनांना तेच एक चल दिसते, म्हणून लूपच्या आत त्याची प्रत करा. माझ्या पाच नोंदींतली ही तिसरी. जावाच्या प्रोग्रॅमरला ही चूक सहसा भेटत नाही, कारण जावाच्या लॅम्डात (नाव नसलेले फंक्शन) न बदलणारेच चल घेता येते आणि बाकी सगळे कंपायलर अडवतो. म्हणून गोमध्ये तो बेसावध पडतो. पण फेब्रुवारी २०२४ मधल्या १.२२ पासून प्रत्येक फेरीला नवे चल मिळते, मॉड्यूलच्या फाइलीत १.२२ किंवा पुढची आवृत्ती लिहिलेली असली की. आमचा नवा प्रकल्प १.२२ वरच होता. शेजारच्या गटाच्या सेवा मात्र १.२० वर होत्या, म्हणजे त्यांच्या कोडमध्ये शिरले की इशारा पुन्हा खरा. मी त्या पानाच्या समासात पेन्सिलने आवृत्तीचा आकडा लिहून ठेवला.

मुख्य पुस्तक जुने आहे म्हणून नवे घ्यावे का? मी जॉन बोडनर यांचे ‘लर्निंग गो’ जोडीला घेतले, त्याची २०२४ ची दुसरी आवृत्ती. त्यात जेनेरिक्सचे प्रकरण आहे, कॉन्टेक्स्टचे आहे, मॉड्यूल आहेत. ते मी मुख्य पुस्तक म्हणून घेतले असते तरी काम झाले असते, आणि मनाने कर्निगनच्या शैलीशी न जुळणाऱ्या माणसाला मी आज तेच सुचवीन. माझ्यापुरते असे झाले की यंत्र आतून समजले जुन्या पुस्तकातून, आणि आज हात कसा चालतो ते समजले नव्यातून. नव्यातली मी तीन-चार प्रकरणेच वाचली.

भाषेच्या संकेतस्थळावरचा ‘इफेक्टिव्ह गो’ हा लेख सगळेच सुचवतात. तो चांगला आहे, पण २००९ च्या पहिल्या प्रकाशनासाठी लिहिलेला आहे आणि फारसा बदललेला नाही, हे त्याच पानावर वरती लिहिलेले असते. ते वाचून मग खाली जावे. भाषेचे अधिकृत विवरण मात्र मी कुणालाही टाळायला सांगणार नाही. जावाच्या शेकडो पानांच्या विवरणाशी तुलना केली तर ते एका सुट्टीच्या दिवशी संपते.

यादीत नसलेले

चौथ्या आठवड्यात माझा या पद्धतीवर पूर्ण विश्वास बसला होता. पाचव्यात तिची मर्यादा कळली.

प्रत्येक संदेशासाठी आम्ही वाहनांच्या नोंदणीच्या एका जुन्या सेवेला विचारायचो. उत्तर २०० मिलिसेकंदांत आले नाही तर पुढे जायचे. मी प्रत्येक विचारणेसाठी एक गोरूटीन (गोमधले हलके समांतर काम) सुरू केली होती. उत्तर आले की ती ते चॅनलवर ठेवणार. इकडे मी चॅनल आणि घड्याळ या दोघांपैकी जे आधी येईल ते घेणार. वाचायला सुंदर कोड. निवडक ट्रकांवर चाचणी सुरू असताना एका रात्री ती जुनी सेवा मंदावली, आणि आमच्या गोरूटीनची संख्या चढत गेली. काही शेकड्यांवरून पहाटेपर्यंत हजारोंच्या घरात. मेमरी संपून कंटेनर पुन्हा पुन्हा सुरू होत राहिला.

प्रोफाइल (चालू सेवेत काय कुठे आहे त्याची नोंद) काढले तेव्हा जवळपास सगळ्या गोरूटीन एकाच ओळीवर, चॅनलवर पाठवण्याच्या ओळीवर, अडकलेल्या दिसल्या. घड्याळ आधी वाजले की मी निघून जात होते. चॅनलला साठा, म्हणजे उत्तर ठेवून द्यायची जागा, नव्हता, त्यामुळे उत्तर घेऊन आलेली गोरूटीन समोर कुणी घेणारा येईल म्हणून कायमची उभी राहत होती. अशी अडकलेली गोरूटीन कचऱ्यातही जात नाही. जावात मी हे काम फ्यूचरने (पुढे येणाऱ्या उत्तरासाठी राखलेली जागा) केले असते. तिथे उत्तराला कुणी वाली नसला तरी थ्रेडचे काम संपते आणि तो थ्रेडांच्या राखीव ताफ्यात, पूलमध्ये, परत जातो. ‘न घेतलेले उत्तर कुणाला त्रास देत नाही’ हे गृहीतक माझ्यात इतके मुरलेले होते की ते गृहीतक आहे हेच मला माहीत नव्हते. मग ते यादीत कसे येणार?

दुरुस्ती दोन ओळींची झाली. चॅनलला एकाचा साठा दिला, म्हणजे घेणारा नसला तरी पाठवणारा ठेवून मोकळा होतो; आणि विचारणेला कॉन्टेक्स्ट जोडले, म्हणजे वेळ संपली की मूळ विनंतीही सोडून दिली जाते. डोनोव्हन-कर्निगनच्या आठव्या प्रकरणात, साठा असलेल्या चॅनलच्या भागात, नेमका हाच प्रसंग आहे: तीन ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा, पहिले उत्तर घ्यायचे, आणि साठा नसेल तर मागे राहिलेल्या दोघांची गळती होते. गोरूटीन गळती हा शब्दही तिथे आहे. ते प्रकरण मी वाचले नव्हते. समांतर काम मला येते, असे समजून मी ते पुढे ढकलले होते. ज्या विषयात माझा हात सर्वात पक्का होता, तेच प्रकरण मी सोडले.

म्हणून मी एक तिसरे पुस्तक आणले: तेइव्हा हर्सान्यी यांचे ‘१०० गो मिस्टेक्स अँड हाउ टू अव्हॉइड देम’, २०२२ चे. आधी मी ते बाजूला ठेवले होते, कारण भाषा येत नसताना चुकांची शंभर वर्णने वाचून डोक्यात काही राहत नाही. चार आठवडे कोड लिहिल्यावर त्याची अनुक्रमणिका वेगळीच दिसली. मी ती पेन्सिल घेऊन वाचली. ज्या चुकीचे शीर्षक वाचून ‘यात चूक काय?’ असा प्रश्न पडला, तिथे खूण केली, आणि फक्त त्याच वाचल्या. माझ्या स्वतःच्या यादीत जे येऊ शकत नव्हते ते इथे दुसऱ्याने लिहून ठेवलेले होते. मॅपवर (किल्लीनुसार मूल्ये ठेवणारी रचना) दोन गोरूटीननी एकाच वेळी लिहिले तर गोची यंत्रणा ते पकडून अख्खा प्रोग्रॅम थांबवू शकते आणि तो सावरता येत नाही, हे मी खूण केलेल्या एका ठिकाणावरून शोधत गेले तेव्हा कळले. जावात तशीच रचना असलेला साधा हॅशमॅप असा वापरला तर तो गुपचूप बिघडतो. त्यातही मला गोचे वागणे जास्त प्रामाणिक वाटले.

कॅथरीन कॉक्स-बुडे यांचे २०१७ चे ‘कॉन्करन्सी इन गो’ सेवा सुरू झाल्यावर सावकाश वाचले. सहा आठवड्यांच्या घाईत ते घ्यायची गरज नव्हती.

सेवा सातव्या आठवड्यात गेली, एक आठवडा उशिरा. त्या उशिरापैकी बराचसा भाग मी त्या पहिल्या दहा दिवसांच्या खाती टाकते.

पुढच्या जानेवारीत गटात एक मुलगी आली. सहा वर्षे पायथन, त्यातही बहुतेक विदा (डेटा) हाताळण्याचे काम. मी तिला माझे डोनोव्हन-कर्निगनचे पुस्तक दिले, खुणा आणि समासातल्या आकड्यांसकट, आणि माझी वहीही पुढे केली. तिने वही चाळून परत दिली. “ताई, यातले निम्मे मला फसवणारच नाही,” ती म्हणाली. इंटरफेस जाहीर न करता पाळणे तिला पायथनमुळे आधीच सहज वाटत होते. उलट पॉइंटर, मूल्याची प्रत होऊन जाणे, पूर्णांकाला असलेली मर्यादा आणि ती ओलांडली की आकडा गुपचूप उलटणे, हे तिला नवे होते. पायथनचे पूर्णांक हवे तेवढे मोठे होतात. माझ्या प्रतीत तिसरे प्रकरण, मूलभूत प्रकारांचे, अगदी कोरे होते. तिथे मी एकही खूण केलेली नव्हती. तिने पहिल्या दिवशी तेच उघडले. पुस्तक अजून तिच्याकडे आहे.